कळंक, कल्हई आणि जुन्या गाडीचे वायरिंग

जुन्या मोटारीचा हेडलाइट पिवळट पडू लागला की पहिला संशय बल्बवर जातो आणि दुसरा बॅटरीवर. पुष्कळदा दोन्ही निर्दोष असतात आणि दोष त्यांच्यामधल्या एखाद्या जोडात असतो. बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच सलग तार नसते. बॅटरीचा शिशाचा खुंट आणि त्यावर आवळलेले टर्मिनल, जाड केबलच्या टोकाचा लग, फ्यूजची दोन टोके, लाइटचा स्विच, डिपरचा स्विच, बॉनेटखालचा कपलर, बल्बचा होल्डर आणि शेवटी बॉडीला स्क्रूने धरलेला अर्थ, असा हा रस्ता तुकड्यातुकड्यांचा असतो. क्रम गाडीगणिक थोडा बदलतो. पण प्रीमिअर पद्मिनी असो, अँबेसेडर असो की मारुती ८००, एका दिव्याच्या वाटेवर डझनभर जोड सहज निघतात. तारेतले तांबे आवरणाखाली वीस-तीस वर्षे टिकते. जोडावरचा धातू मात्र उघडा असतो, आणि बिघाडाची सुरुवात तिथे होते.

या उघड्या धातूवर चढणाऱ्या थराला मराठीत नेमका शब्द आहे. लोखंडाला गंज, तांब्यापितळेला कळंक. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी राहिली की ती कळकते. आंबट पदार्थ धातूला खातो आणि त्याचे क्षार अन्नात उतरतात. गाडीतल्या पितळी लगवर चालणारी क्रिया याच कुळातली आहे. तिच्यावरचा कारखान्यातला उपायही ओळखीचा आहे: नव्या लगवर दिसणारा पांढरट चकचकीत मुलामा म्हणजे कथिलाची कल्हईच.

दोन धातू टेकतात तेव्हा

जुन्या गाड्यांत सर्वत्र आढळणारा चपटा लग सुमारे ६.३ मिलिमीटर रुंद असतो. नराचे पाते मादीच्या दुमडलेल्या कडांत सरकते आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण भिडल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग डोंगरदऱ्यांसारखे खडबडीत असतात आणि फक्त मोजकी शिखरे एकमेकांना टेकलेली असतात. सगळा करंट त्या काही ठिपक्यांतूनच पलीकडे जातो. विसाव्या शतकात राग्नार होल्म या शास्त्रज्ञाने या ठिपक्यांचा बारकाईने अभ्यास करून स्पर्शरोधाचे गणित मांडले. ठिपके जितके मोठे आणि जितके जास्त, तितका रोध कमी. आणि ठिपके वाढवण्याचे मुख्य साधन म्हणजे दाब.

म्हणून चांगल्या जोडाला दोन गोष्टी लागतात: स्वच्छ धातू आणि घट्ट पकड. पृष्ठभाग आरशासारखा चमकवला, पण मादी लगच्या कडा सैल राहिल्या, तर जोड महिन्याभरात पुन्हा बिघडतो. उलट पकड घट्ट असेल तर थोडी काळी पडलेली पाती सरकवतानाच एकमेकांना घासून आपली वाट मोकळी करतात.

कल्हईचा उपयोगही यातून कळतो. कथील मऊ असते आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा कडक व ठिसूळ असतो. दाब पडला की पापुद्रा तडकतो, खालचे मऊ कथील भेगांतून वर येते आणि धातूला धातू भिडतो. हा जोड हलला नाही तर वर्षानुवर्षे टिकतो. गाडीत मात्र सगळेच हलते.

कळंक चढण्याच्या वाटा

पहिली वाट हवेची. तांब्यावर आधी तांबूस आणि मग काळा ऑक्साइड चढतो. ओलावा आणि हवेतला कर्बवायू यांच्या सोबतीने पुढे हिरवा थर येतो. जुन्या देवळांच्या तांब्याच्या पत्र्यावर दिसतो तोच. समुद्रकाठी खाऱ्या हवेतले क्लोराइड या क्रियेला वेग देते, कारण मीठ स्वतःच हवेतला ओलावा ओढून धरते. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीत पाऊस शिरत नाही, पण जमिनीची वाफ आत कोंडून राहते. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा अशा झाकून ठेवलेल्या गाडीचे जोड लवकर हिरवे होतात.

दुसरी वाट बॅटरीची. तिच्यातले सल्फ्युरिक आम्ल चार्जिंगच्या वेळी बारीक तुषारांच्या रूपाने बाहेर पडते, किंवा खुंटाभोवतीच्या फटीतून वर चढते. टर्मिनलवर जमणारी निळसर-हिरवी भुकटी बहुतांशी तांब्याचे सल्फेट असते. पांढरी पूड शिशाच्या सल्फेटची असते. निळसर थर दिसला याचा अर्थ आम्ल केबलच्या तांब्यापर्यंत पोहोचले आहे.

तिसरी वाट हादऱ्यांची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाच्या थरथरीने आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी जोडाचे दोन भाग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके मागेपुढे सरकत राहतात. प्रत्येक सरकण्यात ताजे कथील उघडे पडते, त्याचा ऑक्साइड होतो, तो खरवडला जातो, पुन्हा ताजे कथील उघडे पडते. हजारो फेऱ्यांनंतर ठिपक्यांभोवती काळपट पुडीचा थर साठतो. असा जोड वरून चकचकीत दिसतो. तो काढून परत बसवला की दिवा लागतो, कारण त्या एका हालचालीने पूड बाजूला सरते. पंधरवड्याने दोष परत येतो आणि बोल बल्बला लागतो.

चौथी वाट दोन वेगळ्या धातूंच्या सहवासाची. ॲल्युमिनिअम आणि पितळ, किंवा बॉडीचे पोलाद आणि तांब्याचा लग एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारट ओल आली, तर तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. तिच्यात कमी प्रतीचा धातू झिजतो: ॲल्युमिनिअम किंवा पोलाद. बॉडीवरच्या अर्थच्या लगखाली गंजाची फुगलेली चकती सापडते ती यामुळे.

थोडा रोध, मोठे नुकसान

१२ व्होल्टच्या व्यवस्थेत वाया घालवायला फारसे काही नसते. ६० वॅटचा बल्ब सुमारे ५ अँपिअर करंट घेतो. वाटेतल्या सगळ्या जोडांचा मिळून रोध केवळ ०.२ ओहम झाला, तरी जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने घसरतो. १ व्होल्ट कमी मिळाला की प्रकाश सुमारे पाव भागाने घटतो. व्होल्टेज १० टक्के कमी झाले तर जवळजवळ ३० टक्के प्रकाश जातो. दिवा पिवळा पडतो तो यामुळे.

वाटेत हरवलेली ऊर्जा उष्णता होऊन जोडातच राहते. नखाएवढ्या लगमध्ये ४-५ वॅट उष्णता सतत निर्माण झाली की पितळेचा ताण जातो, पकड सैल होते, रोध आणखी वाढतो आणि उष्णताही वाढते. फ्यूज बॉक्सच्या प्लास्टिकवरचा तपकिरी डाग किंवा वितळून कललेला कपलर म्हणजे या चक्राची खूण. अशा वेळी फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढलेला नसतो. उलट किंचित कमी झालेला असतो.

सेल्फच्या वाटेवर हिशेब आणखी कडक आहे. सेल्फ मारताना छोट्या गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर करंट वाहतो. तिथे ओहमचा शंभरावा भाग एवढा रोधही दीड व्होल्ट खातो. सकाळी नुसता ‘टक’ आवाज करून गप्प बसणारा सेल्फ पुष्कळदा खोलून दुरुस्त केला जातो आणि खरा दोष टर्मिनलवर तसाच राहतो.

घासण्याआधी मोजणे

सगळे जोड सरसकट उपसून घासणे हे घाईचे काम आहे. जुनी, वाळून कडक झालेली तार अशा ओढाताणीत तुटते. दोषी जोड कोणता ते आधी शोधावे. त्यासाठी मल्टिमीटरवर ओहम मोजून उपयोग नाही. केबलच्या अनेक तारांपैकी एकच शाबूत राहिली असेल तरी मीटर शून्याच्या जवळचा आकडा दाखवतो, कारण त्याचा स्वतःचा करंट अगदी नगण्य असतो. जोडाची परीक्षा ओझे वाहतानाच घ्यावी लागते. या पद्धतीत व्होल्टची घट मोजतात.

हेडलाइट लावून ठेवावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची लाल पिन बॅटरीच्या धन खुंटावर टेकवावी. टर्मिनलवर नव्हे, प्रत्यक्ष शिशावर. काळी पिन बल्बच्या होल्डरमधल्या करंट येणाऱ्या पातीवर टेकवावी. मीटरवर दिसणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. समजा तो १.६ आला. आता काळी पिन एकेक जोड मागे सरकवत जावी. फ्यूजच्या बाहेरच्या टोकाशी १.३ आणि आतल्या टोकाशी ०.२ दिसले, तर १.१ व्होल्ट त्या एका फ्यूजच्या दोन चिमट्यांत अडकला आहे. बाकी वायरिंगला हात लावायचे कारण नाही.

परतीची वाटही तपासावी. एक पिन बल्बच्या अर्थ पातीवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण खुंटावर ठेवली की अर्थमधली घट कळते. ढोबळ नियम असा: एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी, अर्थच्या सगळ्या वाटेवर ०.२ आणि सेल्फ फिरत असताना जाड केबलवर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त नसावी. मापे वहीत लिहून ठेवावीत. काम संपल्यावर तीच पुन्हा घ्यायची असतात.

बॅटरीचे टर्मिनल

सफाईची सुरुवात बॅटरीपासून होते, कारण तिची केबल सुटल्याशिवाय दुसरीकडे पाना लावू नये. ऋण बाजू बॉडीला जोडलेली असेल, तर आधी ऋण टर्मिनल सोडावे आणि शेवटी तेच लावावे. धन बाजू आधी सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा लोळ उठतो. ऋण आधी सुटलेले असेल तर तो टेकूनही काही होत नाही. सुमारे १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत धन बाजू बॉडीला जोडलेली असे. अशा गाडीत हा क्रम उलटा होतो. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

गॅरेजमध्ये टर्मिनलवर किटलीतले उकळते पाणी ओतण्याची रीत आहे. त्याने निळे सल्फेट विरघळते, पण आम्ल मरत नाही. ते ओघळून बॅटरीच्या तबकाखालच्या पत्र्यावर जाते आणि काही महिन्यांत पत्रा खाते. त्यापेक्षा पेलाभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून तो जुन्या दात घासायच्या ब्रशने लावावा. जिथे आम्ल असेल तिथे फसफसून फेस येतो. सोडा आणि आम्ल यांच्यातून कर्बवायू सुटतो. ताजे द्रावण लावूनही फेस येईनासा झाला की आम्ल संपले. बॅटरीची बुचे तेवढी घट्ट बसलेली असावीत, कारण सोड्याचा थेंब आत गेला तर आतले आम्लही मरते. मग साधे पाणी ओतून फडक्याने कोरडे करावे.

त्यानंतर खुंट आणि टर्मिनलची आतली बाजू तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासावी. शिसे मऊ असते; दोन-चार फेऱ्यांत राखाडी थर जाऊन चंदेरी धातू दिसतो. तिथेच थांबावे. जास्त घासल्यास खुंट बारीक होतो आणि टर्मिनल कितीही आवळले तरी फिरते. मारुती ८०० सारख्या जपानी वळणाच्या गाड्यांत खुंट मुळातच बारीक असतो. त्यावर जाड खुंटाचे टर्मिनल पत्र्याची पट्टी घालून बसवलेले आढळते. ती पट्टी म्हणजे आणखी दोन जोड. योग्य मापाचे टर्मिनल घेणे हाच इलाज.

टर्मिनलपासून निघणाऱ्या केबलचे रबर बोटांनी दाबून पाहावे. आत कचकच लागली किंवा टोकाशी फुगवटा दिसला तर आम्ल तारांच्या मधून वर चढलेले असते. आवरण थोडे कापावे. आतल्या तारा काळ्या असतील तर लाल, चमकते तांबे लागेपर्यंत केबल कापून नवा लग दाबून बसवावा. काळ्या तारांवर कोणतीही सफाई टिकत नाही.

फ्यूज बॉक्स

फियाट घराण्यातल्या जुन्या गाड्यांत बंदुकीच्या गोळीसारखे दिसणारे फ्यूज असतात: चिनी मातीचा रंगीत दंडगोल, त्याच्या बाहेरून जाणारी धातूची पट्टी आणि दोन्हीकडे निमुळती टोके. पिवळा ५ अँपिअरचा, पांढरा ८, तांबडा १६ आणि निळा २५ अँपिअरचा. ही टोके दोन पितळी चिमट्यांच्या भोकांत केवळ ताणाने अडकलेली असतात. काचेच्या नळीचे किंवा पात्यांचे फ्यूज आकाराने वेगळे असले, तरी त्यांचीही मदार चिमट्याच्या ताणावरच आहे.

फ्यूज काढण्यापूर्वी पेटीचा फोटो घ्यावा आणि एका वेळी एकच फ्यूज काढावा. चिमट्याच्या भोकाची कड घासायला पॉलिश पेपरची सुरळी करून ती आत फिरवावी. ६०० नंबरचा कागद पुरतो. कल्हई केलेल्या चिमट्यावर हात हलका ठेवावा, कारण काळा थर आणि कल्हई यांत फार अंतर नसते आणि कल्हई गेली की खालचे पितळ लवकर कळकते. ब्रशने पूड झाडावी, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारावा, मग चिमटे किंचित आत वाकवून नवा फ्यूज दाबून बसवावा. तो बोटाने सहज गरगर फिरत असेल तर ताण पुरेसा नाही. ॲल्युमिनिअमच्या पट्टीपेक्षा तांब्याच्या पट्टीचा फ्यूज पितळी चिमट्याला जास्त मानवतो. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याचा जुना जुगाड टाळावा. पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी तार जळते.

समोरून सगळे स्वच्छ करूनही घट तशीच राहिली तर पेटीच्या मागे पाहावे. अनेक जुन्या पेट्यांत पुढचा चिमटा आणि मागचा लग एका रिव्हेटने जोडलेले असतात. ओल त्या रिव्हेटखाली शिरते आणि कळंक अशा जागी चढतो जिथे कागद पोहोचत नाही. चिमटा आणि मागचा लग यांच्यामधली घट मोजली की दोष उघड होतो. रिव्हेट हलक्या हाताने ठोकून घट्ट करणे किंवा त्यावर डाग देणे सरावलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने करावे. प्लास्टिक ठिसूळ झाले असेल तर पेटीच बदललेली बरी.

लग, कपलर आणि होल्डर

लग काढताना तारेला धरून ओढू नये. नोज प्लायरने लगच्या धातूलाच धरून थोडे डावे-उजवे हलवत बाहेर काढावा. प्रत्येक तारेवर कागदी पट्टीची खूण करावी. वीस-तीस वर्षांत तारांचे रंग इतके मावळतात की तपकिरी आणि लाल एकच दिसतात.

नराचे पाते घासणे सोपे आहे. मादीच्या आत पोहोचण्यासाठी खराट्याचा हीर कामाला येतो: त्याच्या टोकाला पॉलिश पेपरची अरुंद पट्टी चिकटवली की बारीक कानस तयार होते. काचतंतूंचा पेनासारखा ब्रश मिळाला तर तो आणखी चांगला. त्याचे तंतू कातडीत शिरतात, म्हणून हातमोजे घालावेत. सफाईनंतर मादीच्या दोन्ही दुमडलेल्या कडा प्लायरने किंचित दाबाव्यात. पाते सरकवताना अंगठ्याला जोर द्यावा लागला की पकड ठीक झाली.

हिरवा थर जाड असेल आणि लग तारेपासून सुटा असेल, तर आम्लाचा उपयोग होतो. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबाचे फूल विरघळवून लग पाच-दहा मिनिटे बुडवावा. ऑक्साइड आणि हिरवे क्षार विरघळून द्रावण निळसर होते. मग सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारावे, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने धुवावे आणि उन्हात पूर्ण वाळवावे. तारेला जोडलेला लग असा बुडवू नये, कारण द्रावण तारांच्या फटींतून वर चढते आणि आवरणाखाली आपले काम चालू ठेवते.

तांब्याची घागर चिंच-मीठ लावून लख्ख होते, मग लग का नको, असे वाटणे साहजिक आहे. चिंचेतले टार्टरिक आम्ल लगवरचा थरही नक्की काढील. पण घागर लगेच भरपूर पाण्याने विसळली जाते. लगच्या घडीत मात्र मिठाचा अंश उरतो, ओल ओढून घेतो आणि दोन आठवड्यांत तिथे पहिल्यापेक्षा जाड हिरवा थर देतो. मीठ असलेला कोणताही नुस्खा वायरिंगजवळ नेऊ नये. कल्हईवाल्याचा नवसागरही क्लोराइडच आहे. म्हणून तारेला डाग देताना तो किंवा आम्लयुक्त पेस्ट न वापरता राळेवर आधारलेले सोल्डर वापरतात. तेही जिथे तार हलत नाही तिथेच, कारण सोल्डर तारांत झिरपून त्यांना कडक करते आणि हादऱ्याने तार नेमकी त्या कडेला तुटते. हलणाऱ्या तारेला नीट दाबून बसवलेला लग जास्त टिकतो.

मागच्या दिव्यांचे होल्डर डिकीच्या कोपऱ्यात असतात आणि रबर कडक झाले की काचेच्या कडेने पाणी थेट त्यांच्यात शिरते. होल्डरच्या तळाची स्प्रिंग गंजून बसते आणि बल्बचा शिशाचा ठिपका चपटा होतो. स्प्रिंग मोकळी करावी, ठिपका कागदावर हलकेच घासावा आणि रबर बदलावे. रबर तसेच ठेवले तर पुढच्या पावसात तेच काम पुन्हा निघते.

काही लग वाचत नाहीत. जस्त निघून गेलेले पितळ गुलाबी, सच्छिद्र दिसते आणि वाकवताच मोडते. जळून निळसर पडलेल्या लगचा ताण कायमचा गेलेला असतो. अशा ठिकाणी घासण्यापेक्षा काही रुपयांचा नवा लग शहाणपणाचा. इंजिन कॉम्प्युटर असलेल्या गाड्यांत सेन्सरच्या कपलरमधल्या पिनांवर कधी सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. तिथे कागद अजिबात लावू नये, फक्त क्लीनर फवारावा.

अर्थ

बॉडी हीच परतीची तार असल्याने अर्थचा प्रत्येक स्क्रू एक जोड असतो, आणि तो रंग, माती, गंज यांच्यात अडकलेला असतो. बिघडलेल्या अर्थची लक्षणे चमत्कारिक असतात. इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट मिणमिणतो, कारण परतीची वाट बंद झालेला करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी तुटली तर सेल्फचा प्रचंड करंट मिळेल त्या धातूतून परततो. चोकची किंवा एक्सलरेटरची केबल हाताला चटका देते, कधी तिच्यातून धूर निघतो.

इथली सफाई अंगमेहनतीची आहे. स्क्रू काढून लगखालची जागा नाण्याएवढी घासावी आणि पोलाद चमकेपर्यंत रंग व गंज दोन्ही काढावेत. लगही दोन्ही बाजूंनी घासावा. दातेरी वॉशर घालून आवळावे. त्याचे दात धातूत रुततात आणि हादऱ्यातही पकड सोडत नाहीत. उघड्या पडलेल्या पोलादावर बाहेरून ग्रीस किंवा रंग लावायचा तो आवळून झाल्यावर, आधी नाही.

स्विच, रिले आणि पॉइंट

स्विच खोलण्याचा मोह टाळावा. आतली स्प्रिंग आणि छर्रा उडून गेले तर स्विच कामातून जातो. फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच पंधरा-वीस वेळा चालू-बंद करावा. कार्ब्युरेटर क्लीनर इथे नको, तो पुष्कळ प्लास्टिकना विरघळवतो. डब्ल्यूडी-४० हे नावच पाणी हटवण्याच्या कामावरून पडले आहे; भिजलेला जोड सुकवायला ते ठीक, पण त्याला जोडाचे कायमचे औषध समजू नये. मूळ स्विचवर हेडलाइटचा सगळा भार असेल तर रिले बसवल्याने तो भार स्विचवरून उतरतो आणि दिव्यालाही पुरे व्होल्ट मिळतात. रिलेतले स्पर्शबिंदू बहुधा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. त्यांचा काळेपणा क्वचितच आड येतो. ते घासू नयेत.

जुन्या पेट्रोल गाड्यांतले सीबी पॉइंट हा वेगळा प्रकार. ते टंगस्टनचे असतात आणि इंजिन चालू असताना सेकंदाला कित्येक वेळा उघडतात-मिटतात. करड्या रंगाचा, किंचित खरबरीत पृष्ठभाग निरोगी समजावा. एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खळगा झाला असेल तर पातळ सपाट कानशीने टेंगूळ उतरवावे. एमरी पेपरचे कण धातूत रुतून तिथे जळणे सुरू होते, म्हणून तो वापरू नये. मग स्वच्छ व्हिजिटिंग कार्ड पॉइंटच्या मधून ओढून पूड पुसावी आणि फिलर गेजने अंतर लावावे; बहुतेक गाड्यांत ते ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर तपासावा.

सफाईनंतरचे आवरण

स्वच्छ केलेला धातू उघडा ठेवला तर कळंक त्याच दिवसापासून परतू लागतो. बॅटरीच्या टर्मिनलवर आवळल्यानंतर व्हॅसलीनचा पातळ थर पुरतो. तो आम्लाचे तुषार अडवतो. लग आणि होल्डर यांना सिलिकॉन ग्रीस चांगले. ते स्वतः वीज वाहत नाही, पण दाबाखाली शिखरांच्या टोकांवरून बाजूला सरते आणि भोवतीच्या दऱ्या भरून टाकते, त्यामुळे पाण्याला जागा उरत नाही. सैल जोडात मात्र तेच ग्रीस मध्ये राहते, म्हणून पकड आधी आणि ग्रीस नंतर. स्विच, रिले आणि पॉइंट यांच्याजवळ सिलिकॉन नेऊ नये. ठिणगीच्या उष्णतेत त्यापासून सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीचा रोधक थर बनतो. कपलरच्या तारा खालून वर आणाव्यात किंवा जोडाआधी त्यांना खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळातूनच गळून जाते.

शेवटी बॅटरी जोडून, तोच दिवा लावून, पहिल्या वेळची मापे त्याच जागांवर पुन्हा घ्यावीत. १.६ च्या जागी ०.४ किंवा ०.५ व्होल्ट दिसले तर काम झाले. आकडा उतरला नसेल तर घासलेला जोड दोषी नव्हता, आणि मीटरची पिन आणखी एक जोड पुढे सरकवायची आहे.